कोल्हेकुईची शिकवणी

ससा मरताना कसा ओरडतो, हे तुम्ही कधी ऐकलं आहे? एरवी तोंडातून चकार शब्द न काढणारा हा गरीब प्राणी संकटात सापडला, की तान्ह्या पोरासारखं रडतो. मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तो स्वतःच्याच तोंडातून. आमच्या गॅरेजमध्ये, रात्री नऊ वाजता, एक लाकडी पिपाणी ओठांत धरून मी जिवाच्या आकांतानं फुंकत होतो. दार धाडकन उघडून सौ. आत आली. ‘‘अहो, कुणाचं पोर रडतंय?’’ माझ्या हातातली पिपाणी पाहून तिनं कपाळाला हात लावला. ‘‘पन्नाशीला आलात. लोक या वयात बासरी शिकतात!’’

तिचं चुकलं नव्हतं. पण मी शिकत होतो कोयोटीला बोलवायला. कोयोटी म्हणजे अमेरिकेतला कोल्हा, असं आपण सोयीसाठी म्हणू. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनं तो आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊ. अंगानं थोडा थोर, पायानं उंच. शहरातले लोक त्याला ‘कायोटी’ म्हणतात, रानातले लोक नुसतं ‘कायोट’. आपण कुठल्या उच्चारानं नाव घेतो, त्यावरून समोरचा आपली जात ओळखतो!

माझं लहानपण कऱ्हाडजवळ, कृष्णाकाठच्या एका गावात गेलं. थंडीत उसाच्या फडातून कोल्हेकुई सुरू झाली, की आजी म्हणायची, ‘‘झोपा आता, कोल्ह्यांची सभा भरली.’’ सकाळी शाळेच्या वाटेवर कोल्हा आडवा गेला तर दिवस चांगला जाणार, ही आमची खात्री. पुढे शिक्षण, नोकरी करत करत १९९८ साली कॅन्ससमधल्या विचिटा या गावी आलो. विमानं बनवणारं हे गाव. मीही त्याच धंद्यातला. कोल्हेकुई मागे राहिली ती राहिलीच.

ती पुन्हा ऐकली एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या अंगणात. विचिटापासून मोटारीनं तासाभरावर फ्लिंट हिल्स नावाचा टेकड्यांचा मुलूख लागतो. खाली चुनखडी आणि गारगोटीचा दगड, वर पुरुषभर उंचीचं गवत. नांगर चालत नाही म्हणूनच तिथली मूळची गवताळ राने टिकली. बहुतेकांची गुरं, आमच्या या आजोबांच्या मात्र दीडशे मेंढ्या. त्यांच्या पाणी उपसायच्या पंपाची दुरुस्ती मी एकदा केली आणि ओळख जमली. २०१८ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसलो असताना टेकडीमागून तो आवाज आला. आधी एक लांब हेल, मग दोघांतिघांचा एकच कल्लोळ. माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांपुढे उसाचा फड! आजोबा म्हणाले, ‘‘आवडतो वाटतं तुला? मग शीक त्याच्याशी बोलायला.’’

पहिला धडा मात्र बोलण्याचा नव्हता. मेलेल्या कोकराचा होता. कुंपणाजवळ एक कोकरू पडलं होतं. आजोबांनी सुरीनं मानेवरचं कातडं सोलून दाखवलं. ‘‘बघ. गळ्याला दातांची भोकं आहेत, आणि आत रक्त साकळलंय. म्हणजे जिवंतपणी चावलाय. हे कोयोटीचं काम. रक्त साकळलं नसेल, तर कोकरू आधीच मेलेलं होतं आणि यानं नुसती मेजवानी झोडली. आणि मागच्या मांड्या, शेपटी, कान फाडलेले दिसले, तर ते कुणाच्या तरी लाडक्या कुत्र्याचं काम. आळ आधी ठरवायचा नाही.’’ कोर्टात पंचनामा वाचावा तसं ते बोलत होते. पुढे मला हेच बोलणं फार महागात आठवायचं होतं.

हा प्राणी मोठा विलक्षण. ‘कोयोत्ल’ हा मेक्सिकोतल्या नाहुआतल भाषेतला शब्द. स्पॅनिश लोकांनी तो उचलला. १८२३ साली थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञानं त्याला ‘कॅनिस लॅट्रान्स’, म्हणजे ‘भुंकणारा कुत्रा’, असं शास्त्रीय नाव दिलं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथांत तो आपल्या पंचतंत्रातल्या कोल्ह्यासारखाच धूर्त, आणि अतिशहाणपणानं स्वतःच फसणारा. गोऱ्या वसाहतवाल्यांनी लांडगे जवळजवळ संपवले. पण कोयोटीला गोळ्या, सापळे, विष सगळं देऊनही तो संपेना. उलट पसरला. एके काळी पश्चिमेच्या आणि मध्यभागाच्या माळरानांवर राहणारा हा प्राणी आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. शिकागोसारख्या शहरात तो रेल्वेरुळांच्या कडेनं राहतो आणि रात्री वाहतूक ओसरली की रस्ते ओलांडतो. ससे, उंदीर, टोळ, मेलेलं ढोर, कलिंगड, काहीही चालतं. कोल्हा काकडीला राजी म्हणतात ते इथंही खरं!

आता शिकवणीकडे वळू. कॅन्ससमध्ये कोयोटीची शिकार बारा महिने चालते. पण परवाना लागतो. आणि १ जुलै १९५७ नंतर जन्मलेल्या माणसाला परवान्यापूर्वी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांबरोबर मी बाकावर बसलो. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवा. नेम घेईपर्यंत बोट घोड्यावर नको. आणि नेमापलीकडे काय आहे ते ओळखल्याशिवाय गोळी झाडू नका. शेवटचा नियम मी वहीत अधोरेखित केला. त्याचा अर्थ नेमापलीकडचं घर, गुरं, माणसं एवढाच असतो, असं तेव्हा वाटलं होतं.

पिपाण्या दोन प्रकारच्या. एकीत पातळ पट्टी आत बंदिस्त. फुंकलं की झालं. दुसरीत पट्टी उघडी. तिच्यावर दात-ओठ कुठे टेकता यावर आवाज चढतो-उतरतो. पहिली नवशिक्याची, दुसरी उस्तादाची. हल्ली यंत्रंही मिळतात. बटण दाबलं की ससा, पाखरू, कुत्र्याचं पिल्लू, हवं ते रडतं. आजोबांना यंत्र मंजूर नव्हतं. ‘‘फुंकताना दम लागला पाहिजे,’’ ते म्हणत. मला आमच्या गावाबाहेर उतरणारे फासेपारधी आठवले. तितराचा आवाज ते असा काढत, की झुडपातलं तितर उत्तर देई.

पण आवाज ही विद्येची चार आणे बाजू. बारा आणे आहे बसणं. गाडी टेकडीआड लावायची, दार आपटायचं नाही. उन्हाकडे पाठ. झुडपामागे नव्हे, झुडपापुढे बसायचं, म्हणजे आपली आकृती त्यात मिसळते. आणि वारा! कोयोटी डोळ्यांवर विश्वास ठेवतो, कानांवर ठेवतो. पण शेवटचा कौल नाकाला लावतो. आवाज ऐकून तो सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि वास घेतो. म्हणून वारा तोंडावर किंवा एका कुशीला घ्यायचा, आणि खालची बाजू नजरेच्या टप्प्यात ठेवायची. आजोबांच्या खिशात टाल्कम पावडरची बाटली असे. चिमूटभर उडवली की वारा दिसतो! मग अर्धा मिनिट फुंकायचं, दोन-तीन मिनिटं गप्प. पुन्हा फुंकायचं. पंधरा-वीस मिनिटं पापणीशिवाय काही हलवायचं नाही. नाही आला तर उठून मैलभर पुढे.

सतरा वेळा मी असा बसलो आणि सतरा वेळा रिकाम्या हातानं उठलो. एकदा नाक शिंकरलं. एकदा वारा फिरला. एकदा पिपाणी गारठून मुकी झाली. एकदा तर कोयोटीऐवजी घुबड आलं आणि माझ्या टोपीवर झडप घालून गेलं. त्याला टोपी म्हणजे ससा वाटला. माझी कला निदान पाखरांना पटली! अठराव्या वेळी तो आला. करड्या गवतातून करडाच एक तुकडा सुटून चालू लागला. कान ताठ, शेपूट खाली. मी बंदूक उचलायची घाई केली. नुसता खांदा हलला असेल. पुढच्या क्षणी तिथे फक्त गवत होतं. आजोबा हसले. ‘‘त्याचं डोकं गवताआड जाईल तेव्हा हलायचं. तुझी घाई त्याला दिसते.’’

त्या घाईनंच पुढे घात केला. आजोबांनी एकच गोष्ट बजावली होती: उत्तरेच्या टेकडीवर बसायचं नाही. ‘‘तिथली जोडी माझ्या मेंढ्यांना हात लावत नाही. राहू दे.’’ मला ते म्हातारपणाचं भाबडेपण वाटलं. कोयोटी काय गळ्यात पाटी बांधून फिरतात? जानेवारीच्या अखेरीस एका शनिवारी आजोबा दवाखान्यात गेले होते. वारा उत्तरेच्याच टेकडीला अनुकूल होता. मी गेलो. दहाव्या मिनिटाला ती आली. ऐंशी पावलांवर असताना मी तोंडानं हलकेच भुंकल्यासारखं केलं. ती थबकली, माझ्याकडे पाहिलं. मी गोळी झाडली.

गोळी मागे लागली. ती पळाली. गवतावरच्या रक्ताचा माग काढत मी पाऊण तास चाललो. शिकारीच्या गप्पांत हा पाऊण तास कुणी सांगत नाही. ओढ्याच्या काठी ती पडली होती, जिवंत. दुसरी गोळी मी दहा पावलांवरून झाडली. हात थरथरत होते. मादी होती, अंगावर दाट फर, दात शाबूत. कोकरं चोरावी लागतील अशी म्हातारी किंवा लंगडी नव्हती.

आजोबांना मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट. एवढंच म्हणाले, ‘‘आता ती जागा रिकामी झाली.’’

या वाक्याचा अर्थ पुढे कळला. कोयोटी जोडीनं राहतात आणि आपला मुलूख परक्यांपासून राखतात. मेंढ्यांच्या वाटेला न जाणारी जोडी, हा मेंढपाळाचा फुकटचा राखणदार. ती मोडली, की मोकळ्या मुलखात नवे शिरतात, आणि त्यांच्या सवयी आपल्या हातात नसतात. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेच्या कुंपणाशी चार कोकरं गेली. चारही गळ्यांना दातांची भोकं. आत साकळलेलं रक्त. पंचनामा मीच केला. माझ्या गोळीमुळेच हे झालं, असं छातीठोक सांगता येणार नाही. ‘‘कोयोटी सही करून जात नाही,’’ आजोबा म्हणाले. पण त्याआधी तीन वर्षं त्या बाजूला एकही कोकरू गेलं नव्हतं, हेही त्यांनीच सांगितलं होतं. चार कोकरांचे पैसे मी देऊ केले. त्यांनी घेतले, नाही म्हणाले असते, तर मी पुन्हा तोंड दाखवू शकलो नसतो.

अमेरिकेत या प्रश्नावर कडाक्याचं भांडण आहे. २०२१ या एका वर्षात केंद्र सरकारच्या वन्यजीव सेवेनंच साठ हजारांहून अधिक कोयोटी मारले. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर विष घालायला बंदी केली. त्याआधी तर विषाचा सुळसुळाट होता. दुसरीकडे, जास्तीत जास्त कोयोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये आणि न्यू मेक्सिकोनं २०१९ मध्ये बंदी आणली. शिकारी म्हणतात, आमच्या रानात आमचा हक्क. प्राणिमित्र म्हणतात, मारूच नका. ज्याची कोकरं जातात, त्याचा आवाज या गलक्यात बुडतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं कोल्ह्याला संरक्षण मिळालं. पण बिबट्यानं शेळी नेलेल्या शेतकऱ्याला विचारा. प्रश्न तिथेही तोच आहे.

मी बंदूक विकली नाही. आजोबांनी बोलावलं, पंचनामा झाला, आणि चोर त्याच बाजूचा ठरला, तर मी जातो. त्यानंतर आजवर तीनदा गेलो. दोनदा गोळी झाडली, दोन्ही वेळा एकच पुरली. कुंपणाला त्यांनी विजेची तार लावली, एक मोठा पांढरा राखणीचा कुत्रा आणला. तारेची जोडणी मी करून दिली. कोकरं जाणं पुष्कळ कमी झालं, बंदुकीपेक्षा बहुधा त्या कुत्र्यामुळे.

पिपाणी मात्र रोज खिशात असते. गेल्या हिवाळ्यात सौ.ला घेऊन उत्तरेच्या टेकडीवर गेलो. बंदूक घरी. आजोबांची पावडर उडवून वारा पाहिला आणि सिडारच्या झुडपापुढे दोघं बसलो. मी फुंकलं. अकराव्या मिनिटाला तो आला. वळसा घेत, नाक वर करून. तिनं माझा हात घट्ट धरला, पण बोटही हललं नाही. पहिल्याच बैठकीत तिला जमलं ते मला सतरा बैठकांत जमलं नव्हतं. वास लागताच तो वळला आणि सावकाश टेकडी उतरून गेला.

परतताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘गॅरेजमध्ये कशाला फुंकता? थंडी असते तिथे. घरात फुंकत जा.’’