मुलांचे ‘चाळे’ आणि मोठ्यांचे अज्ञान

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण मराठी घरांत आणि शाळांत इतकी रुळलेली आहे, की मुलाची एखादी विचित्र हालचाल दिसताच ती मोठ्यांच्या तोंडी आपोआप येते. दुसरी-तिसरीतला मुलगा एकाएकी डोळे मिचकावू लागतो. महिन्या-दोन महिन्यांनी ते थांबते आणि मान झटकणे सुरू होते. पुढे नाक ओढण्याची किंवा घसा खाकरण्याची त्यात भर पडते. घरी ‘चाळे करू नकोस’ असा दम मिळतो, वर्गात त्याला सर्वांसमोर उभे केले जाते, सोबती त्याची नक्कल करतात. या उपायांनी हालचाल कमी न होता उलट वाढते आणि मुलगा हट्टी ठरतो. वस्तुतः अशा मुलांपैकी अनेक जण ना खोडकर असतात, ना हट्टी. वैद्यकशास्त्र ज्याला ‘टिक’ म्हणते, तो मज्जासंस्थेचा विकार त्यांना जडलेला असतो.

या विकाराची ओळख नवी नाही. पॅरिसमधील डॉक्टर जॉर्ज जिल द ला तुरेत यांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यांचेच नाव विकाराच्या दीर्घ स्वरूपाला मिळाले. पुढे कित्येक दशके त्याचा दोष मनोवृत्तीकडे आणि आईवडिलांच्या वळणाकडे दिला गेला. १९६० नंतरच्या दशकात हॅलोपेरिडॉल या औषधाने काही रुग्णांच्या हालचाली कमी होतात असे दिसले, तेव्हा लक्ष मेंदूकडे वळले. हालचाल सुरू करणे आणि नको ती हालचाल रोखून धरणे, ही कामे करणाऱ्या मेंदूतील मंडलांत येथे बिघाड असतो, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, असे आज मानले जाते. सामान्यतः प्रारंभ पाच ते सात या वयात होतो, दहा ते बाराव्या वर्षी जोर सर्वाधिक असतो. मुलींपेक्षा मुलांत प्रमाण तीन-चार पट आढळते. वर्षाच्या आत मावळणारा टिक तात्पुरता समजतात. अनेक अंगविक्षेप आणि निदान एक आवाजी टिक वर्षाहून अधिक टिकल्यास त्यास तुरेत म्हणतात. तोंडून शिव्या जाणे हे त्याचे लक्षण म्हणून गाजले असले, तरी ते सुमारे दहांत एकालाच असते.

शिक्षकांची दिशाभूल होते ती वेगळ्याच कारणाने. टिक काही काळ दाबून ठेवता येतो. पापणी न लवता बघत राहिले की डोळ्यांत जशी असह्य चुळबुळ साठत जाते, तशीच ओढ मान झटकण्यापूर्वी जाणत्या मुलाला जाणवते, आणि हालचाल केल्यावरच ती क्षणभर शमते. म्हणून शाळेत मूल कष्टाने आवरते आणि घरी पोचताच बांध फुटतो. शिक्षक म्हणतात, ‘वर्गात तर काही करत नाही’. आई म्हणते, ‘घरी क्षणभर थांबत नाही’. दोघेही खरे बोलतात, आणि दोघांचाही निष्कर्ष एकच निघतो: मुलगा मुद्दाम करतो. आवरण्यात त्याचे किती अवधान खर्ची पडते आणि गणिताचे उदाहरण का सुटत नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांपुरता ढोबळ हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत दोहोंची मिळून लोकसंख्या सुमारे दोन लाख चाळीस हजार होती. तिचा सहावा भाग शाळकरी मुलांचा धरला, तर ती चाळीस हजार होतात. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून हजारी तीन ते आठ मुलांना तुरेत असतो असे मानतात. त्या हिशेबाने केवळ या दोन तालुक्यांत सव्वाशे ते सव्वातीनशे मुले भरतात. तात्पुरत्या टिकांची मुले त्याहून कितीतरी अधिक. तोरण्याच्या पायथ्याच्या आणि भाटघरच्या जलाशयाकाठच्या वाड्यावस्त्यांवर ही मुले आहेतच. त्यांची नोंद कोठे होत नाही एवढेच.

अज्ञानाची किंमत पैशांतही मोजता येते. डोळे मिचकावतो म्हणून चष्म्याच्या दुकानात, घसा खाकरतो म्हणून खोकल्याच्या औषधाकडे, आणि हे सर्व निष्फळ ठरल्यावर देवऋषाकडे, असा प्रवास होतो. टिक मुळातच कमीजास्त होत असल्याने ज्याच्या उपायानंतर तो ओसरला त्याला श्रेय मिळते. दर फेरीला एसटीचे भाडे आणि आईची किंवा बापाची बुडालेली रोजी लागते. निदान न होण्याचा खर्च असा सर्वांत गरीब कुटुंबावर सर्वाधिक पडतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याची पथके शाळाशाळांतून मुलांची तपासणी करतात. ज्या तीसएक विकारांवर त्यांनी लक्ष ठेवावयाचे, त्यांत फेफरे आहे, अवधानाचा अभाव आहे. टिकचा स्वतंत्र उल्लेख नाही. तो असता, तरी वर्षातून एकदा येणाऱ्या पथकासमोर मूल नेमके दहा मिनिटे स्वतःला आवरून धरील. याउलट दोनशिक्षकी शाळेतला गुरुजी त्याच मुलाला चार-चार वर्षे रोज पाहतो. एरवी उणीव मानली जाणारी ही लहान शाळा येथे मोठी सोय ठरू शकते.

त्याने करावयाचे ते थोडे आणि बिनखर्चाचे आहे. हालचालीकडे दुर्लक्ष करावे, मुलाकडे करू नये. नक्कल करणाऱ्यांना आवरावे. ओढ अनावर झाल्यास पाच मिनिटे बाहेर जाण्याची मुभा द्यावी. केव्हा वाढते, केव्हा ओसरते, याचे टिपण पालकांना द्यावे. अशाने मुले शेफारतील, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु येथे सूट अभ्यासात वा शिस्तीत मागितलेली नसून, जे त्याच्या ताब्यात नाही त्याची शिक्षा करू नये इतकेच मागणे आहे. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला २०१० पासूनच बंदी आहे.

सौम्य टिकला औषध लागत नाही. वेदना, अभ्यासात खंड, सोबत अवधानाचा अभाव किंवा मंत्रचळ दिसल्यास मात्र पुण्याचे ससून रुग्णालय गाठावे. प्राथमिक सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. ओढ ओळखून तिच्या जागी दुसरी हालचाल करण्याचा सराव हा बिनऔषधी उपायही आहे. अमेरिकेत १२६ मुलांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना गुण आला; तुलनेच्या गटात हे प्रमाण पाचांत एकाहूनही कमी होते.

२०१८ च्या ‘हिचकी’ या हिंदी चित्रपटाने तुरेत हे नाव शहरी प्रेक्षकांच्या कानी घातले. ते वेल्ह्याच्या शिक्षकापर्यंत पोचवण्यास प्रशिक्षणातील एक दुपार पुरेल. बहुसंख्य मुलांचे टिक पौगंडावस्था सरताना आपोआप पुष्कळ कमी होतात. म्हणजे ही ‘खोड’ जित्यापणीच जाते. वर्गात सोसलेली मानहानी आणि त्यापायी सुटलेली शाळा यांची भरपाई मात्र पुढे कोणत्याही उपचाराने होत नाही.