अंगठा कशासाठी घेतला?

मोबाईल कंपनी सचोटीची आहे की नाही, हे पारखायचे कसे? एअरटेलचेच पाहा. तिच्या भारती फाउंडेशनच्या शाळांत खेड्यातील मुले मोफत शिकतात. काम चांगलेच आहे. (मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना नफ्यातील २ टक्के समाजकार्यावर खर्चणे २०१४ पासून कायद्यानेच भाग आहे, हेही ध्यानात असू द्या.)

पण २०१७ साली सिमकार्डाला आधार जोडताना लोकांनी अंगठा दिला आणि त्याच अंगठ्यावर, पुष्कळांना न सांगता, एअरटेल पेमेंट्स बँकेत त्यांची खाती उघडली गेली. अनुदान जमा होते ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. त्यामुळे गॅसचे पैसे तिकडे वळले, आणि जुन्या बँकेच्या पासबुकात काहीच दिसेना! सुमारे ३१ लाख ग्राहकांचे १९० कोटी रुपये असे गेले. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार-पडताळणी थांबवली, तेव्हा कुठे पैसे परत करण्याचे कबूल झाले. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटींचा दंड केला.

कंपनीची परीक्षा करताना मी हा हिशेब आधी मांडतो, शाळा नंतर.

आपले आधार सध्या कोणत्या खात्याला जोडलेले आहे, ते बँकेत विचारून घ्या. दुकानदार यंत्र पुढे करील तेव्हा अंगठा कशासाठी, हेही विचारा.