निळा रंग जांभळा का होतो?

निळा रंग आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा. पण टोल्युइडीन ब्लू या निळ्या रंगाच्या पातळ द्रावणात हेपॅरिन टाकले, की ते जांभळे होते. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध. त्याच्या लांब साखळीवर ऋण विद्युतभार असतात. रंगाचे रेणू धनभारित. ते साखळीला चिकटून एकमेकांना खेटून बसतात. या दाटीमुळे ते शोषतात तो प्रकाश बदलतो. रेणू मात्र तोच राहतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. भरपूर मीठ घातले, तर पकड सुटून निळा परत येतो! प्रोटॅमिनही धनभारित, पण पकड जबर. ते रंगाला हुसकावून साखळी बळकावते. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर हेपॅरिनचा प्रभाव उतरवण्यासाठी डॉक्टर हेच प्रोटॅमिन शिरेतून देतात. नाही तर टाके घातले तरी रक्त झिरपत राहते.