पंखा थांबला तर हिशेबाचे काय?

आता बऱ्याच दुकानांत उधारीची वही कपाटात नसते. कोणाकडे किती थकबाकी आहे, कोणत्या गाठी कोणाकडे गेल्या, जीएसटीची बिले कोणती, हे सगळे संगणकाला जोडलेल्या डिस्कच्या एका पेटीत असते. ही पेटी बहुधा टेबलाखाली किंवा ठाणांच्या मागे ठेवलेली असते. तिच्यातील सर्वात स्वस्त वस्तू म्हणजे तिचा पंखा. तो थांबला की पेटी काय करते, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे. ठाऊक नसेल तर तो आपल्याच हाताने नुकसान करून घेतो.

पेटीला कसे कळते?

अशा पंख्याला दोन तारा वीज देतात. तिसऱ्या तारेवरून पंखा दर फेरीला साधारणपणे २ ठोके पाठवतो. चौथी तार असल्यास तिच्यावरून वेग कमी-जास्त करण्याचा हुकूम जातो. ठोके कमी झाले तर पंखा मंदावला आणि ठोके थांबले तर पंखा बंद पडला, असे पेटी समजते. शिवाय प्रत्येक डिस्क आपले तापमान स्वतः सांगत असते.

पुढे काय होते?

पहिली पायरी इशाऱ्याची. पेटी बीप-बीप करते, दिव्याचा रंग बदलतो आणि तशी सोय केलेली असल्यास मालकाला ई-मेल जातो.

दुसरी पायरी म्हणजे उरलेले पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात. मोठ्या पेट्यांत गरजेपेक्षा एक पंखा जास्त ठेवतात, तो याच वेळेसाठी. दुकानातील लहान पेटीत मात्र पुष्कळदा एकच पंखा असतो. तिथे ही पायरीच नाही.

तिसरी पायरी फार महत्त्वाची आहे. पेटी नवी नोंद आधी वेगवान स्मृतीत घेते आणि सवडीने डिस्कवर उतरवते, जसे आपण आधी कच्च्या चिठ्ठीवर टिपतो आणि मग पक्क्या वहीत लिहितो. एचपीई कंपनीच्या एमएसए पेट्यांत अशी सोय आहे की पंखा बिघडताच कच्ची चिठ्ठी बंद करून प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहावी. काम मंदावते, पण नोंद हरवत नाही.

शेवटची पायरी म्हणजे पेटी स्वतःच बंद होते. नेटॲप कंपनीच्या कित्येक यंत्रांबाबत सूचनाच आहे की पंखा काढल्यावर २ मिनिटांत नवा बसवावा, नाहीतर यंत्र बंद होईल.

हा बिघाड नव्हे, बचाव आहे

बाण्याचा धागा तुटला की यंत्रमाग थांबतो. त्याला कोणी बिघाड म्हणत नाही, कारण माग चालूच राहिला तर कापड वाया जाते. पेटीचेही तसेच आहे. गफलत होते ती पुढे. कोणी बीप बंद करण्याचे बटण दाबून कामाला लागतो, तर कोणी बंद झालेली पेटी पुन्हा पुन्हा चालू करतो. बऱ्याच डिस्कना ६० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंतच चालण्याची मुभा असते.

थोड्या उष्णतेने घाबरून जाण्याचेही कारण नाही. गूगलच्या संशोधकांनी १ लाखाहून अधिक डिस्कची पाहणी २००७ साली प्रसिद्ध केली. बेताच्या तापमानाचा आणि बिघाडाचा फारसा संबंध त्यांना आढळला नाही. फार वरच्या तापमानाला मात्र, विशेषतः जुन्या डिस्कमध्ये, बिघाड वाढलेले दिसले. बंद कपाटातील पेटीचा एकुलता पंखा थांबला तर तापमान तिकडेच जाते.

आपण काय करावे?

१) बीप ऐकताच पेटीचे तापमान पाहावे. ते मर्यादेत असेल तर ताज्या नोंदींची प्रत घ्यावी आणि पेटी रीतसर बंद करावी. वायर ओढू नये.

२) त्याच मापाचा, तितक्याच तारांचा पंखा बसवावा. समोर टेबलफॅन लावणे ही तात्पुरती सोय आहे, इलाज नव्हे.

३) भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या ठिकाणी सुताचे तूस पंख्यात आणि जाळीत साचते. पेटी बंद करून, पाती बोटाने धरून ते नियमित साफ करावे.

४) पेटी भिंतीला किंवा मालाला चिकटवून ठेवू नये.

५) पेटीत दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती झाल्या, असे समजू नये. उष्णता दोन्हींना एकदमच लागते. हिशेबाची एक प्रत दुकानाबाहेर असलीच पाहिजे.

पंखा काही शे रुपयांत मिळतो. बुडालेली उधारीची यादी बाजारात मिळत नाही.