विकास-नियोजन आणि सल्लागार-शिक्षक

ब्रिटनमधील उच्च शिक्षणाचा विचार करण्यासाठी सर रॉन डिअरिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९९७ साली आपला अहवाल सादर केला. त्यातील शुल्कविषयक शिफारशींवर पुष्कळ वाद झाला. ‘प्रोग्रेस फाइल’ची सूचना त्या मानाने निमूटपणे स्वीकारली गेली. ह्या फाइलचे दोन भाग कल्पिले होते : विद्यापीठाने द्यावयाचे गुणपत्रक, आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रगतीचे अवलोकन करून पुढील वाटचाल आखण्याचे साधन. ह्या दुसऱ्या भागासच पुढे ‘वैयक्तिक विकास-नियोजन’ हे नाव रूढ झाले. २००१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार २००५-०६ पर्यंत ही सोय सर्वत्र व्हावयाची होती. पद्धती मात्र ज्या त्या संस्थेने ठरवावयाची होती.

नियोजनाचा तक्ता भरणे सोपे असते. खरे कार्य घडते ते सल्लागार-शिक्षकाशी होणाऱ्या संभाषणात. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ‘निबंधलेखन सुधारणे’ असे उद्दिष्ट लिहिले. एवढ्यावरून काहीच निष्पन्न होत नाही. कोणता निबंध, परीक्षकाचा शेरा काय, टिपणे कशी काढली होती, असे शिक्षकाने विचारीत जावे. तेव्हा कदाचित असे आढळेल की, दोष भाषेत नसून वाचनात आहे. विद्यार्थी उतारे जमवितो, परंतु लेखकाचे प्रतिपादन वेगळे काढीत नाही. मग ‘पुढील तीन आठवडे प्रत्येक लेखाचे प्रतिपादन पाच ओळींत मांडावयाचे’ अशी योजना ठरते आणि पुढील भेटीत ती ताडून पाहता येते.

परंतु हे सारे विद्यार्थ्याने आपले उणेपण मोकळेपणाने लिहिले तरच शक्य. तेच लेखन गुणांसाठी तपासले जाणार असेल, किंवा उद्या नोकरी देणाऱ्यापुढे जाणार असेल, तर तो उणेपण लिहील कशाला? तो प्रशस्तिपत्रच लिहील, आणि त्यात त्याचा दोष मानता येणार नाही. २००७ साली बर्जेस समितीने सुचविलेल्या ‘हायर एज्युकेशन अचीव्हमेंट रिपोर्ट’मध्ये विद्यापीठाने पडताळलेल्या गोष्टींचीच नोंद असते. जगाला दाखवावयाची कागदपत्रे अशी निराळी ठेवल्यास आत्मपरीक्षणाची वही खाजगी राहू शकते. तरीही ती कोण वाचणार व किती काळ जपली जाणार, हे विद्यार्थ्यास पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले पाहिजे. शिवाय दरवर्षी सल्लागार बदलत असेल, तर मागील योजना नव्या सल्लागारास दाखवावी की नाही, हे विद्यार्थ्यानेच ठरवावे.