माकूल नाही, पण सुकट तर आहे!

कोरियन मालिकांचं वेड आता आमच्या हिंगोलीतही पोचलंय. लेकीनं मोबाइलवर एक लालभडक सॅलड दाखवलं आणि "आई, हे कर ना" म्हणून मागेच लागली. बघते तर त्यात माकूल! दहा पायांचा हा मऊ समुद्री जीव आपण आणायचा कुठून? समुद्र शेकडो किलोमीटर लांब. इथं मिळाले तर सिद्धेश्वर धरणातले मासे.

कृती मात्र सोपी. माकूल साफ करून उकळत्या पाण्यात मिनिट-दीड मिनिटच ठेवायचं, नाहीतर रबरासारखं चिवट होतं. मग चकत्या करून काकडी, कांदा, लाल मिरची, लसूण, साखर, व्हिनेगर आणि तिळाच्या तेलात हातानं कालवायचं. अशा कालवलेल्या पदार्थाला तिकडे 'मुचिम' म्हणतात. त्यात 'गोचुजांग' नावाची मिरचीची पेस्ट घालतात, ती आंबवलेल्या सोयाबीनची. आपलं सोयाबीन पोत्यांनी मोंढ्यावर जातं, ताटात काही येत नाही!

मला आठवली गोव्याची किसमूर. सुकी कोळंबी भाजून ओलं खोबरं, कांदा, मिरची नि आंबट घालून कालवतात. हेही सॅलडच की! आणि सुकट तर आपल्या आठवडी बाजारात मिळतेच.

"सुकट? शी, वास येतो," लेकीनं नाक मुरडलं. सासूबाई ऐकत होत्या. बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवताना गप्पच होत्या. उन्हाळ्यात भाजी महागली की याच सुकटीवर त्यांनी घर चालवलंय. मोबाइलवरचं ते भारी आणि आजीचं ते गरिबाचं? मग मी करायचंच ठरवलं.

एक वाटी सुकट चाळून, रेती-कचरा निवडून घ्या. तेल न घालता मंद आचेवर कुरकुरीत भाजा. खिडकी उघडी ठेवा, शेजारणींची पर्वा करू नका! दोन काकड्यांच्या पातळ चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा. ही पायरी गाळलीत तर सगळं पाणी-पाणी होतं. दोन चमचे रंगाची, कमी तिखट मिरचीपूड, चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या, चमचाभर गूळ, एका लिंबाचा रस आणि चमचाभर तिळाचं तेल एकत्र करा. त्यात काकडी नि उभा चिरलेला कांदा कालवा. वरून भाजलेले तीळ. सासूबाईंचं म्हणणं, तिळापेक्षा कारळ बरे. तेही करून बघा.

सुकट अगदी पानावर बसताना घाला, आधी घातलीत तर मऊ पडते. मीठ चाखूनच. सोबत ज्वारीची गरम भाकरी. लेकीनं दोनदा मागून घेतलं.

कोळंबी-सुकटीनं ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी सुकटीऐवजी भाजलेले शेंगदाणे घाला.