मृत्युपत्रातून वगळलेला जोडीदार

पैनगंगेच्या अलीकडे आमच्या भीमपूर भागात घरधनी निवर्तला की शेताचा पट्टा कोणाच्या नावे व्हावयाचा, ही कुजबुज दुखवट्याच्या दिवसांतच सुरू होते. त्यात एखादे मृत्युपत्र बाहेर निघाले आणि पत्नीचा नामोल्लेखही त्यात नसला, तर ती बिचारी शेजारच्या जाणत्यांना विचारीत फिरते. ते सल्ला देतात तो बहुधा हिंदू कायद्याच्या माहितीवरून, आणि येथेच घोटाळा होतो. ख्रिस्ती कुटुंबाचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो.

मृत्युपत्र मुळीच नसेल तर हिशेब सरळ आहे. मुले असल्यास विधवेस एक तृतीयांश, उरलेले मुलामुलींस समसमान. मुले नसून अन्य नातलग असल्यास तिला निम्मे. कोणीच नसल्यास सर्व. पत्नीच्या पश्चात पतीलाही हाच हक्क आहे.

मृत्युपत्र असले की चित्र पालटते, आणि वाचकहो, येथे एका तारखेकडे नीट पाहावे. त्या कायद्याचे ६९ वे कलम सांगते की विवाह होताच त्या व्यक्तीचे आधीचे मृत्युपत्र रद्द होते. समजा, दोन मुलांच्या विधुर पित्याने आपली सहा एकर जमीन मुलांना लिहून दिली व पुढे दुसरा विवाह केला. तो वारला, तर तो कागद निरुपयोगी. नव्या पत्नीस दोन एकर व प्रत्येक मुलास दोन एकर, अशीच वाटणी होईल. जुना कागद पुन्हा जिवंत करावयाचा तर विवाहानंतर तो नव्याने सही-साक्षींसह करावा लागतो, अथवा तसा हेतू सांगणारी पुरवणी जोडावी लागते. हिंदूंना हा नियम लागू नाही. म्हणूनच शेजाऱ्याचा सल्ला येथे फसवा ठरतो.

पण विवाहानंतर केलेल्या मृत्युपत्रात तिला वगळले असेल तर? तर भारतीय वारसा कायदा तिला काहीच राखून ठेवीत नाही. हे आम्हांस कठोर वाटते. इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्याने अशा जोडीदारास न्यायालयाकडे वाजवी तरतूद मागता येते. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, विवाहाने मालमत्ता दोघांची सामाईक होते. म्हणजे निम्मी मुळात पत्नीचीच. मुले असल्यास पतीला आपल्या वाट्याचाही निम्माच भाग मृत्युपत्राने देता येतो. एका गोवेकराने मुंबईतील आपले घर धाकट्या मुलीला लिहून दिले होते. त्या तंट्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निर्णय दिला की गोव्याच्या रहिवाशाला हा नियम गोव्याबाहेरील मालमत्तेसही लागतो. आमच्या बाजूस मात्र हे संरक्षण नाही.

तरीही वगळलेल्या स्त्रीने लगेच अंगठा उठवू नये. पतीला केवळ स्वतःचेच देता येते. तिचे दागिने, तिच्या नावचे शेत, तिने साठविलेला पैसा त्यात येत नाही. कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारालाच किंवा त्याच्या पतीला वा पत्नीला काही लिहून दिले असेल, तर मृत्युपत्र टिकते पण ती देणगी रद्द होते. धाकदपटशाने वा फसवून करून घेतलेले मृत्युपत्रही टिकत नाही. शिवाय मृत्युपत्रात न आलेली मालमत्ता मृत्युपत्र नसल्याप्रमाणेच वाटली जाते, आणि तिच्यात विधवेचा वाटा असतोच. पुष्कळदा बैलजोडी, विहिरीवरचे इंजिन, बँकेतील ठेव यांचा उल्लेख करावयाचे लिहिणारा विसरलेला असतो.

आणि पोटाचा प्रश्न उरलाच तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्यात सावत्र आईही ‘आई’च गणली आहे. जिला स्वतःच्या कमाईतून वा मालमत्तेतून निर्वाह करता येत नाही, तिने महसूल उपविभागाच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज द्यावा.